फ्लूचा न्यूमोनिया: ताप मोजता, तसा मुलाचा श्वासही मोजा

जून संपत आलेला असतो, शाळा सुरू होऊन दोन आठवडे झालेले असतात, त्र्यंबक-इगतपुरीकडून ढग नाशिक शहरावर येऊन बसतात आणि आमच्या ओपीडीत खोकल्याचा आवाज दिवसभर थांबत नाही. बहुतेक मुलांना साधी सर्दी असते. काहींना इन्फ्लुएंझा, म्हणजे खरा फ्लू असतो. त्यातलीही बहुतेक पाच-सात दिवसांत बरी होऊन पुन्हा दप्तर उचलतात. मात्र थोड्या मुलांमध्ये हा विषाणू घशातून खाली छातीत उतरतो आणि न्यूमोनिया होतो. ही थोडी मुलं वेळेत ओळखायची कशी, यासाठी हा लेख आहे.

आई-वडील येताना तापाची नोंद चोख घेऊन येतात. मोबाइलमध्ये सगळं असतं: सकाळी १०२, दुपारी १००.४, रात्री १०३. मी विचारते, "आणि श्वास मिनिटाला किती होता?" बहुतेक जण एकमेकांकडे बघतात. ताप किती चढला यावरून न्यूमोनिया आहे की नाही ते कळत नाही. १०४ ताप असलेलं मूल साध्या फ्लूचं असू शकतं आणि १०० ताप असलेल्या बाळाची छाती भरलेली असू शकते. श्वास मात्र सहसा लपत नाही. घरातल्या कुणालाही तो मोजता येतो, त्यासाठी पैसे लागत नाहीत आणि ते काम रात्री दोन वाजताही होतं.

विषाणू छातीत उतरतो म्हणजे काय होतं

फ्लूचे विषाणू मुख्यतः ए आणि बी या दोन प्रकारचे. ए मध्ये सध्या माणसांत फिरणारे दोन उपप्रकार, एच१एन१ आणि एच३एन२. 'स्वाइन फ्लू' म्हणून ज्याची अजून धास्ती आहे, तो २००९ चा एच१एन१. त्या वर्षी ऑगस्टमध्ये देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला होता, त्यामुळे आपल्याकडे हे नाव मनात खोल बसलं. २०१० मध्ये ती जागतिक साथ संपली, पण विषाणू गेला नाही. आता तो दरवर्षीच्या फ्लूचाच भाग आहे. म्हणून रिपोर्टवर 'एच१एन१ पॉझिटिव्ह' दिसलं की घाबरून जाऊ नका आणि 'बी' दिसलं म्हणून निर्धास्तही राहू नका. मुलांना दोन्ही त्रास देतात.

आपल्या श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला केसांहून बारीक तंतू असतात. अंगण झाडणाऱ्या खराट्यासारखे ते धूळ, कफ आणि जंतू सतत वर ढकलत असतात. फ्लूचा विषाणू याच पेशींमध्ये वाढतो आणि त्यांना मारतो. झाडणारंच कुणी उरलं नाही की पुढे दोन गोष्टी घडू शकतात.

पहिली, विषाणू स्वतःच फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतो. हा थेट फ्लूचा न्यूमोनिया. तो लवकर येतो, आजाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच धाप दिसू लागते आणि मूल झपाट्याने खालावू शकतं. दुसरी, उघड्या पडलेल्या जागेवर न्यूमोकॉकस किंवा स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखे जिवाणू बसतात. हा न्यूमोनिया उशिरा येतो. ताप उतरलेला असतो, मूल उठून खेळू लागलेलं असतं, घरात सगळ्यांनी सुस्कारा सोडलेला असतो आणि दोन-तीन दिवसांनी ताप पुन्हा फणफणून चढतो. या दुसऱ्या तापाबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे, कारण घरच्यांची गफलत तिथेच जास्त होते.

हा प्रश्न किती मोठा आहे? २०१८ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात पाच वर्षांखालच्या सुमारे ११ कोटी मुलांना फ्लूचा आजार झाला. त्यातल्या सुमारे १ कोटी मुलांच्या छातीपर्यंत तो पोचला आणि ८ लाख ७० हजार मुलांना रुग्णालयात भरती करावं लागलं. मृत्यूंचा अंदाज ३४,८०० पर्यंत जातो. रुग्णालयातले बहुतेक मृत्यू गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतले होते. तिथे मूल पोचतंच उशिरा.

कोणत्या मुलांकडे जास्त लक्ष

दोन वर्षांखालची सगळी मुलं, त्यातही सहा महिन्यांखालची, कारण त्यांना फ्लूची लस देताच येत नाही. कमी दिवसांची किंवा कमी वजनाची जन्मलेली बाळं. दमा, जन्मजात हृदयविकार, सिकलसेल, मूत्रपिंडाचा आजार, फिट्स किंवा सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं. कुपोषित मुलं. कॅन्सरचे उपचार किंवा बरेच दिवस स्टिरॉइड चालू असलेली मुलं. यांच्या बाबतीत 'दोन दिवस वाट बघू' हा नियम लागू नाही. ताप-खोकला सुरू झाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक गट मला मुद्दाम सांगायचा आहे. जानेवारी ते मार्च द्राक्षाचा हंगाम. पेठ, सुरगाण्याहून मजूर कुटुंबं निफाड, दिंडोरीच्या बागांवर येतात. निफाडचा पारा त्या दिवसांत राज्यात सगळ्यात खाली गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. बागेच्या कडेला प्लास्टिकचा कागद ताणून घर केलेलं, आत चूल, धूर कोंडलेला आणि झोळीत आठ-नऊ महिन्यांचं बाळ. फ्लूचा मोठा भर पावसाळ्यात असला तरी थंडीतही त्याची एक लाट येते आणि ती या बाळांना गाठते. बागाईतदारांनी हा लेख वाचला, तर आपल्या बागेवर किती लहान मुलं आहेत ते एकदा बघा. गाडी तुमच्या दारात असते, त्यांच्या दारात नसते.

पहिला दिवस: वजन, वही आणि तापाचं औषध

फ्लू अचानक येतो. सकाळी शाळेत गेलेलं मूल संध्याकाळी अंगाने तापलेलं, डोळे लाल, अंग दुखतंय म्हणून रडणारं, असं चित्र असतं. कोरडा खोकला आणि घसादुखी सोबत येते. लहान मुलांना उलट्या-जुलाबही होतात, त्यामुळे 'पोट बिघडलंय' असा समज होऊ शकतो.

तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर घरी काहीही न करता रुग्णालयात जा. तापाच्या औषधाबद्दलचं पुढचं सगळं त्याहून मोठ्या मुलांसाठी आहे.

आधी मुलाचं आजचं वजन बघा. घरातल्या काट्यावर मुलाला घेऊन उभं राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. औषधाचा डोस वजनावर ठरतो, वयावर नाही. तापासाठी एकच औषध, पॅरासिटामॉल. एका वेळी किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत शक्यतो सहा तासांचं अंतर, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. इथे बाटलीवरचं लेबल नीट वाचणं फार महत्त्वाचं आहे. एकाच औषधाचं सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं मिळतं आणि २५० चंही मिळतं. थेंबांची बाटली तर त्याहून तीव्र, १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचं, तर १२५ च्या सिरपचे ६ मिलिलिटर, २५० च्या सिरपचे ३ मिलिलिटर आणि थेंबांचे फक्त दीड मिलिलिटर. 'मागच्या वेळी एक झाकण दिलं होतं' या हिशेबात डोस दुप्पट होऊ शकतो किंवा निम्म्यावर येऊ शकतो. बाटलीसोबत मिळणारं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा.

ताप पूर्ण नॉर्मल झालाच पाहिजे असा हट्ट धरू नका. मूल थोडं मोकळं झालं, पाणी प्यायलं, की औषधाचं काम झालं. ॲस्पिरिन मुलांना फ्लूमध्ये कधीच देऊ नका. त्याने यकृत आणि मेंदूवर घातक परिणाम होऊ शकतो. निमेसुलाइडवर बारा वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११ पासून बंदी आहे. तरीही मोठ्यांच्या गोळीचा तुकडा पोराला देणारे अजून भेटतात. मेफेनॅमिक ॲसिड असलेलं सिरप ताप पटकन उतरवतं म्हणून लोकप्रिय आहे. ते स्वतःहून सुरू करू नका.

आता एक वही घ्या. वेळ, ताप, श्वास, किती प्यायलं, लघवी कधी झाली. पाचच रकाने. रात्री आई जागते, सकाळी आजी सांभाळते, संध्याकाळी बाबा दवाखान्यात नेतात. ही वही नसली तर तिघांकडे तीन अर्धवट गोष्टी असतात.

श्वास कसा मोजायचा

मूल शांत हवं. रडताना, खेळताना, दूध पिताना मोजलेला आकडा उपयोगाचा नाही. झोपेत मोजणं सगळ्यात सोपं. मुलाला मांडीवर किंवा पलंगावर उताणं घ्या, सदरा छातीच्या वर सरकवा, उजेड पोटावर पडेल असं बघा. मुलाच्या चेहऱ्याकडे नको, पोटाकडे बघा. बेंबीच्या वर, बरगड्या संपतात तिथे नजर ठेवा. पोट वर आलं आणि खाली गेलं की एक श्वास. मोबाइलवर एक मिनिटाचा टायमर लावा आणि पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण बाळांचा श्वास एकसारखा नसतो. ती थोडा वेळ भरभर घेतात, मग क्षणभर थांबतात. बोटाने जमिनीवर ठोके देत मोजलं तर चुकत नाही. आकडा जास्त आला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा अशी: दोन महिन्यांखालचं बाळ, मिनिटाला ६० किंवा जास्त. दोन महिने ते एक वर्ष, ५० किंवा जास्त. एक ते पाच वर्षं, ४० किंवा जास्त. हे तीन आकडे कागदावर लिहून फ्रिजला लावा. पाच वर्षांवरच्या मुलाचा श्वास शांत बसलेला असताना ३० च्या वर जात असेल, तर दाखवायला हवं.

तापामुळेही श्वास वाढतो, हे खरं. म्हणून ताप चढलेला असताना आकडा थोडा वर दिसला आणि मूल बाकी ठीक असलं, तर पॅरासिटामॉल देऊन तास-दीड तासाने, ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. तेव्हाही वरच असेल तर थांबू नका. खाली दिलेल्या धोक्याच्या खुणांपैकी एक जरी दिसली, तर पुन्हा मोजायलाही थांबू नका.

हे डॉक्टरांचं काम आहे, आम्हाला जमणार नाही, असं कुणाला वाटत असेल तर आपल्याच राज्यातलं एक उदाहरण सांगते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या आरोग्यसेवकांना आणि सुईणींनाही श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ज्यांना आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधं साधन बनवलं. एक मिनिटात मणी पुरले नाहीत की न्यूमोनिया. गावातच औषध मिळू लागलं आणि न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू लक्षणीय घटले. हे काम १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. तुमच्या हातात तर स्मार्टफोन आहे.

श्वास मोजून झाला की सदरा लगेच खाली घेऊ नका. अजून अर्धा मिनिट बघा. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग, बरगड्यांच्या खाली, आत ओढला जातो का? निरोगी मुलाचं पोट आणि छाती श्वास घेताना बाहेर येतात. आत खळगा पडत असेल तर फुप्फुस कडक झालंय आणि मूल जोर लावून हवा ओढतंय. खेड्यांत आज्या याला 'पोट उडतंय' म्हणतात आणि त्यांचं निरीक्षण बहुतेक वेळा बरोबर असतं. नाकपुड्या फुलतायत का, मान श्वासासोबत हलतेय का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतोय का, हेही त्याच वेळी बघा. मोबाइलवर या अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात पोचेपर्यंत मूल रडून लाल झालेलं असतं आणि तुम्हाला घरी दिसलेलं आम्हाला दिसत नाही. असा व्हिडिओ मला दहा वाक्यांहून जास्त सांगून जातो.

पल्स ऑक्सिमीटर कोरोनापासून घरोघरी आहे. पण मोठ्यांची ती चिमटी बाळाच्या बोटावर नीट बसत नाही. बाळाच्या पायाच्या अंगठ्याला लावा, पाय गरम असू द्या, आकडा स्थिर व्हायला मिनिटभर थांबा. ९४ च्या खाली असेल तर डॉक्टरकडे, ९० च्या खाली असेल तर थेट ऑक्सिजनची सोय असलेल्या रुग्णालयात. आकडा ९७ आहे पण छातीत खळगा पडतोय, अशा वेळी विश्वास खळग्यावर ठेवा.

या खुणा दिसल्या की निघायचं

छातीत खळगा. शांत असतानाही घशातून घुरघुर किंवा शिट्टीसारखा आवाज. दूध किंवा पाणी पिता न येणं, प्यायलेलं सगळं उलटून पडणं. झटका येणं. हाक मारूनही नीट जागं न होणं किंवा सतत किरकिर, कशानेच शांत न होणं. ओठ, जीभ, नखं निळसर. खोकल्यातून रक्त. आठ तास लघवी नाही. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास ६० किंवा जास्त, मग बाकी काही असो वा नसो.

घरात एक संवाद मी कितीदा तरी ऐकलाय. सून म्हणते, "आई, याचा श्वास बघा ना कसा होतोय." सासूबाई म्हणतात, "अगं, मघाशी हसला की माझ्याकडे बघून. सकाळी नेऊ." मूल मघाशी हसलं म्हणून आत्ताची छाती बरी होत नाही. रात्रीच्या या निर्णयात ज्याने श्वास मोजलाय त्याचं ऐका.

शहरात असाल तर आपल्या भागात रात्री बालरोगतज्ज्ञ आणि ऑक्सिजन दोन्ही कुठे असतात, हे मूल बरं असतानाच विचारून ठेवा. सरकारी यंत्रणेत त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, महापालिकेची कथड्यातलं डॉ. झाकीर हुसेन आणि नाशिकरोडचं बिटको ही रुग्णालयं आहेत. आडगावला डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा, ती रुग्णवाहिका मोफत आहे. फोनवर पहिल्या वाक्यातच 'लहान मूल, धाप लागली आहे' असं सांगा, बाकी पत्ता नंतर. पेठ-सुरगाण्याकडून निघत असाल तर थेट घाट ओलांडून नाशिकपर्यंत येण्याचा विचार करण्याआधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात ऑक्सिजन आणि औषधाचा पहिला डोस घ्या. मग रुग्णवाहिकेने पुढे या. आशाताई आणि एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका) यांना न्यूमोनिया ओळखण्याचं प्रशिक्षण असतं. केंद्र सरकारची 'सांस' मोहीम २०१९ पासून नेमकी यासाठीच चालते.

दुचाकीवर मधे बसवून, चादरीत तोंडापर्यंत गुंडाळून बाळाला आणू नका. मांडीवर थोडं उभट धरा, तोंड-नाक मोकळं ठेवा, वाटेत जबरदस्तीने दूध पाजू नका.

खर्चाच्या भीतीने उशीर करू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो. भरती होतानाच रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन त्याला भेटा. बिल झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

फ्लूचं औषध कधी, तपासणी कधी

ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध. लोक त्याला टॅमिफ्लू म्हणून ओळखतात. दिवसातून दोनदा, पाच दिवस, डोस वजनानुसार. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दिलं तर सगळ्यात चांगलं काम करतं. मूल गंभीर असेल तर त्यानंतरही देतात आणि द्यायलाच हवं. म्हणूनच जोखमीच्या मुलांना पहिल्याच दिवशी दाखवा, असं वर म्हटलं.

सरकारी मार्गदर्शनात रुग्णांचे तीन गट केलेले आहेत (विषाणूच्या ए-बी प्रकारांशी यांचा संबंध नाही). 'ए' म्हणजे सौम्य ताप-खोकला: घरी आराम, स्वॅब नाही, ऑसेल्टामिविर नाही, एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासणी. 'बी' म्हणजे जास्त ताप आणि घसा खूप दुखणं किंवा जोखमीच्या गटातलं मूल: यात गरजेप्रमाणे औषध सुरू होतं, स्वॅबची आवश्यकता नसते. 'सी' म्हणजे धाप, सुस्ती, न पिणं, निळेपणा: लगेच भरती, स्वॅब आणि औषध ताबडतोब. अहवाल यायची वाट बघत औषध थांबवून ठेवायचं नसतं. डॉक्टरांनी स्वॅब न घेता औषध दिलं तर 'टेस्ट का नाही केली' म्हणून नाराज होऊ नका. या औषधाने काही मुलांना उलटी होते, काहीतरी खायला देऊन मग द्या.

अँटिबायोटिक फ्लूच्या विषाणूवर चालत नाही. मागच्या वेळचं उरलेलं ॲझिथ्रोमायसिन कपाटातून काढू नका. पण न्यूमोनिया झालेला असताना डॉक्टर ॲमॉक्सिसिलिन देतात, कारण आत जिवाणूही बसलेत की नाही हे वरून सांगता येत नाही. तेव्हा ते सांगितले तितके दिवस पूर्ण द्या.

काय करायचं नाही

खोकल्याचं सिरप. दोन वर्षांखाली अजिबात नाही आणि पाच वर्षांखालीही सहसा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाड्याची घटना सगळ्या देशाने पाहिली. विषारी द्रव्य मिसळलेल्या सिरपने लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. पण निर्मळ सिरपसुद्धा लहान मुलाच्या न्यूमोनियाला काही करत नाही, उलट झोप आणून धाप झाकतं. एक वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा-एक चमचा मध द्या, त्याने खोकला खरोखर हलका होतो. एक वर्षाखाली मध बोटावरसुद्धा नाही.

वाफ. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर चादर पांघरून बसवलेली आणि भाजलेली मुलं दर पावसाळ्यात बघायला मिळतात. त्यापेक्षा नाकात सलाईनचे थेंब टाका, बाळाचं नाक मोकळं करा, मगच अंगावर पाजा. कापराचं मलम दोन वर्षांखालच्या बाळाच्या छातीला किंवा नाकाखाली चोळू नका.

धुरी आणि शेगडी. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची, गोवरीची धुरी द्यायची पद्धत अजून आहे. मायेपोटीच केली जाते, हे मला ठाऊक आहे. पण त्या धुराने बाळाच्या श्वासनलिकेचं नुकसान होतं आणि फ्लू झालेल्या बाळाला तर तो सोसतच नाही. ऊब हवी असेल तर टोपी, मोजे आणि आईच्या छातीशी धरणं पुरेसं आहे. पोटावर बिब्बा किंवा डाग देणं तर कधीच नाही. त्याने न्यूमोनिया तसाच राहतो आणि वर भाजल्याची जखम होते.

भरती केलं तर

आत काय चाललंय हे कळलं की भीती अर्धी होते. पहिली गोष्ट ऑक्सिजन, नाकाला बारीक नळीने. ऑक्सिजन लावला म्हणजे मूल शेवटच्या टप्प्याला गेलं असं नाही, न्यूमोनियाचं ते पहिलं औषध आहे. मूल पिऊ शकत नसेल तर सलाईन किंवा नाकातून पोटात नळी. ऑसेल्टामिविर आणि बहुतेक वेळा शिरेतून अँटिबायोटिक. एक्स-रे आणि रक्त तपासण्या गरजेप्रमाणे. दुसऱ्या दिवशी एक्स-रे जास्त वाईट दिसू शकतो, पण मूल सुधारत असेल तर डॉक्टर मुलाकडे बघून ठरवतात, फिल्मकडे नाही. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. आईलाही फ्लू झाला असेल तर मास्क लावून, हात धुऊन पाजत राहायचं.

भेटायला येणारे पाहुणे थांबवा. मामा-मावशींनी फोनवर चौकशी केली तरी चालेल, हे घरातल्या मोठ्या माणसाने स्पष्ट सांगावं, सुनेवर ती जबाबदारी टाकू नये.

पुन्हा चढलेला ताप

फ्लूचा ताप साधारण तीन ते पाच दिवसांत जातो, खोकला दोन आठवडे रेंगाळतो. खोकला रेंगाळला म्हणून घाबरू नका. पण ताप जाऊन एक-दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा ताप आला, सोबत खोकला वाढला, छातीत किंवा पोटात एका बाजूला दुखतंय असं मूल म्हणू लागलं, तर हा नवा व्हायरल समजू नका. त्याच दिवशी दाखवा. याच वेळी जिवाणूंचा न्यूमोनिया होतो आणि स्टॅफिलोकॉकसचा असेल तर छातीत पू व्हायलाही वेळ लागत नाही. म्हणून ताप गेल्यावर वही बंद करू नका. पुढचा आठवडाभर रोज रात्री झोपेत एकदा श्वास मोजा.

एक वेगळी गोष्ट जाता जाता. ताप उतरताना काही मुलं अचानक चालायला नकार देतात, पोटऱ्या दुखतात म्हणतात. फ्लू बी नंतर हे दिसतं आणि सहसा काही दिवसांत आपोआप जातं. लघवी चहासारखी गडद झाली किंवा पायातली ताकदच गेली, तर मात्र लगेच दाखवा.

लस आणि तिची वेळ

सहा महिने पूर्ण झाल्यापासून फ्लूची लस देता येते. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या सगळ्या मुलांना ती दरवर्षी द्यायला सांगते आणि जोखमीच्या मुलांना त्यापुढेही. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, नंतर वर्षाला एक. विषाणू सतत बदलतो म्हणून मागच्या वर्षीची लस यंदा पुरत नाही. नाशिकमध्ये फ्लूचा मोठा भर पावसाळ्यात, म्हणून पहिला डोस एप्रिल-मेमध्ये सुरू करा. संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. वेळ चुकली तर जुलैतही द्या, थंडीची लाट बाकी असते.

ही लस मृत विषाणूची आहे, तिने फ्लू होत नाही. दिल्यानंतर एखादा दिवस कणकण येते. ती घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण भरती व्हायची आणि जिवावर बेतायची शक्यता बरीच कमी होते. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती नाही, त्यामुळे सहसा खासगीत विकत घ्यावी लागते आणि सगळ्यांना ते परवडत नाही, याची मला जाणीव आहे. परवडत नसेल तर निदान मोफत मिळणाऱ्या लशी चुकवू नका. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर न्यूमोकॉकल लस, पेंटाव्हॅलंट या एकत्रित लशीतली हिब (न्यूमोनिया करणाऱ्या आणखी एका जिवाणूवरची) आणि गोवर-रुबेला. फ्लूवर स्वार होऊन येणाऱ्या न्यूमोकॉकसला न्यूमोकॉकल लस अडवते. बाळाच्या कार्डावर हे तीन डोस आजच बघा.

सहा महिन्यांखालच्या बाळाला वाचवायचा रस्ता आईमधून जातो. गरोदरपणात आईने फ्लूची लस घेतली तर तिची प्रतिपिंडं बाळाला मिळतात. प्रसूतीआधी घेतली नसेल तर बाळाला सांभाळणाऱ्या आजी-आजोबांसह घरातल्या मोठ्यांनी घ्यावी. २०२७ च्या सिंहस्थात देशभरातून माणसं पंचवटीत आणि त्र्यंबकला येणार आहेत आणि मुख्य पर्वण्या ऐन पावसाळ्यात आहेत. घरात तान्हं बाळ असेल आणि पाहुण्यांचा राबता असणार असेल, तर त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये घरातल्या सगळ्यांच्या लशीचं नियोजन करा.

शाळेत परत कधी

पॅरासिटामॉल न देता चोवीस तास ताप नसेल, मूल जेवू-खेळू लागलं असेल, तेव्हा. फ्लूची लहान मुलं आठवडाभर, कधी त्याहून जास्त दिवस विषाणू पसरवत राहतात, त्यामुळे घरात धाकटं भावंड असेल तर तेवढे दिवस दोघांचे पेले, टॉवेल आणि अंथरूण वेगळं ठेवा. अंगणवाडी आणि बालवाडीतल्या ताईंना मूल फ्लूने आजारी होतं हे कळवा, म्हणजे वर्गातल्या दुसऱ्या मुलाला धाप दिसली तर त्यांचं लक्ष राहील. न्यूमोनिया होऊन गेलेल्या मुलाला डिस्चार्जनंतर सांगितलेल्या तारखेला पुन्हा दाखवा, मूल कितीही ठणठणीत दिसलं तरी. येताना ती वही सोबत आणा.